तीन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज: एका ट्रान्सफरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२२ मधल्या एका शनिवारी निनाद (नाव बदललं आहे) आईवडिलांबरोबर आमच्या घरी आला. वडिलांनी लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट दाखवली. मुलाने आतापर्यंत केलेले सगळे विषय, प्रत्येकापुढे युनिट्स (विषयाचे श्रेयांक) आणि ग्रेड, तिमाही कॉलेजची युनिट्स दीडने भागून सेमिस्टरमध्ये आणलेली, पुढच्या सत्राची धरलेली, आणि सगळ्यात खाली हिरव्या चौकटीत बेरीज: ५८.६. ते म्हणाले, "ताई, एक छोटा विषय टाकला की साठ होतात. मग ट्रान्सफर व्हायला हरकत काय?"

ट्रान्सफर म्हणजे कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षं करून पुढच्या पदवीसाठी विद्यापीठात जाणं. बेरीज अगदी बरोबर होती. पण त्या शीटमध्ये एक रकाना नव्हता, आणि त्या रकान्यावाचून निनादचं जवळजवळ एक वर्ष गेलं. त्यांच्या परवानगीने ते सगळं इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, पण निनाद माझा विद्यार्थी कधीच नव्हता.

कुटुंब सांगली जिल्ह्यातलं. निनाद सात वर्षांचा असताना बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आलं, आता सगळे ग्रीन कार्डधारक. हे मुद्दाम सांगते, कारण एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या) व्हिसावरच्या मुलांना एकविसावा वाढदिवस ही वेगळीच तारीख डोळ्यांपुढे ठेवावी लागते. त्या दिवशी आईवडिलांवर अवलंबून असलेला दर्जा संपतो, आणि त्याआधी एफ-१ची, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची, व्यवस्था करावी लागते. निनादच्या मार्गात ती अडचण नव्हती.

२०२१ मध्ये तो हायस्कूल पास झाला. कम्प्युटर सायन्ससाठी केलेल्या बहुतेक अर्जांना नकार आला. हातात दोन गोष्टी उरल्या: दुसऱ्या राज्यातलं एक खर्चिक विद्यापीठ, आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, एका कॅम्पसमध्ये विषय न ठरवता प्रवेश. दुसऱ्या पर्यायात 'आत गेल्यावर कम्प्युटर सायन्स घेऊ' अशी आशा होती, पण गर्दीच्या विषयात आतून शिरणं बाहेरून शिरण्यापेक्षाही अवघड असतं. हे त्यांनी आधी विचारून घेतलं आणि नाही म्हणाले. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता.

मग कम्युनिटी कॉलेज. ही वाट कॅलिफोर्नियाने विचारपूर्वक बांधली आहे. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून तीन स्तर ठरले: कम्युनिटी कॉलेजं, कॅल स्टेट म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू), आणि यूसी. पहिली दोन वर्षं खालच्या स्तरावर करून वर जाता यावं, हा त्या आराखड्याचाच भाग. रहिवाशांना सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर फी पडते, म्हणजे पंधरा युनिट्सचं सत्र ६९० डॉलरमध्ये होतं. यूसीत रहिवाशांची नुसती शिक्षणाची फी तेव्हा वर्षाला चौदा-पंधरा हजार डॉलरच्या घरात जायची, राहणं-जेवण वेगळं.

घरात मात्र सुतकी वातावरण होतं. सांगलीला फोनवर "कॉलेजला जातो" एवढंच सांगितलं गेलं. इथल्या मित्रमंडळींत विषय निघाला की आई चहा टाकायला उठायची. हे वाईट वाटून लिहिते आहे, टीका म्हणून नाही. पण त्या लपवाछपवीने प्रत्यक्ष नुकसान केलं. त्यांच्याच ओळखीच्या दोन घरांतली मुलं याच वाटेने बर्कली आणि डेव्हिसला पोचली होती, आणि त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही.

अडचण कुठे सुरू झाली

२०२१ च्या शरद सत्रात बरेच वर्ग अजून ऑनलाइनच होते, त्यामुळे अंतराचा विचार न करता निनादने साउथ बेमधलं नावाजलेलं कॉलेज निवडलं. ते तिमाही पद्धतीचं. वर्षाचे तीन भाग, प्रत्येक बारा आठवड्यांचा.

एपी कॅलक्युलस एबीमध्ये (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) त्याला पाचपैकी ४ गुण होते. पहिला कॅलक्युलस सोडून तो थेट दुसऱ्यात बसू शकला असता. पण एका सीनियर मुलाने सांगितलं, "परत घे, सोपा ए मिळेल." त्याने घेतला आणि ए मिळवला. त्या ए ची किंमत एक तिमाही. शिवाय एकाच विषयाचं श्रेय यूसी दोनदा देत नाही.

त्याच सुमारास कॉलेजच्या काउन्सेलरने सल्ला दिला की आधी जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सगळ्यांना लागणारे सामायिक विषय उरकून घे. विषय ठरलेला नसेल तर हा सल्ला चांगला आहे. पण कम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांचं मोजमाप मुख्यतः विषयाच्या पूर्वतयारीवर होतं: कॅलक्युलस, कॅलक्युलसवर आधारलेलं फिजिक्स, लिनिअर अल्जेब्रा, डिस्क्रीट मॅथ, डेटा स्ट्रक्चर्स. हे विषय एकापुढे एक असे जिन्याच्या पायऱ्यांसारखे येतात, आणि एक पायरी चुकली की पुढचं सगळं एका सत्राने सरकतं. निनादने पहिल्या वर्षात कलेचा इतिहास, वक्तृत्व, मानसशास्त्र, अर्थशास्त्र केलं. फिजिक्सला हात लावला नाही. तिसऱ्या तिमाहीत कॅलक्युलसचा वर्ग भरला, वेटलिस्टवर त्याचा नंबर सातवा लागला, आणि त्याने ती तिमाही गणिताशिवाय काढली.

मग खरी गाठ पडली. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर वर्ग पुन्हा प्रत्यक्ष भरू लागले. ईस्ट बेमधून रोज ८८० हायवेवरून जाऊन-येऊन दोन-अडीच तास मोडायचे. घराजवळ दहा मिनिटांवर दुसरं कम्युनिटी कॉलेज होतं, ते सेमिस्टर पद्धतीचं. वडिलांनी विचार केला, दोन्ही राज्याचीच कॉलेजं, युनिट्स तर चालतातच. निनाद तिकडे गेला.

युनिट्स चालली, पण कॅलक्युलस अडलं. तिमाही कॉलेजात एका चलाचा पूर्ण कॅलक्युलस तीन भागांत शिकवतात, सेमिस्टर कॉलेजात दोन भागांत. निनादचे तीनपैकी दोन भाग झाले होते. अनंत श्रेणी तिसऱ्या भागात होत्या, म्हणजे नेमक्या राहिलेल्या. नव्या कॉलेजचा कॅलक्युलस-२ निम्मा त्याने केलेला होता आणि निम्मा नव्हता. कॅलक्युलस-३ मध्ये थेट बसवायला नव्या कॉलेजने नकार दिला. विद्यापीठालाही ही मालिका सलग आणि पूर्ण हवी असते. शेवटी त्याने शरदात कॅलक्युलस-२ पुन्हा घेतला. अर्धा सत्रभर माहीत असलेलं ऐकलं. माझ्याकडे आला तेव्हा ते चालू होतं.

त्या शनिवारी मी असिस्ट ही वेबसाइट उघडली. कॅलिफोर्नियात कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कुठल्या विद्यापीठाच्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जातो, याची अधिकृत नोंद तिथे असते. डाव्या बाजूला विद्यापीठाचा विषय, उजव्या बाजूला आपल्या कॉलेजचा. वडिलांच्या शीटमध्ये नव्हता तो रकाना हाच. निनादच्या यादीतलं एक विद्यापीठ घेतलं, कागदावर तक्ता छापला आणि त्याच्या हातात लाल पेन दिलं. झालेल्या विषयांवर खूण कर म्हटलं. चार खुणा झाल्या आणि पेन थांबलं. लिनिअर अल्जेब्रा, डिस्क्रीट मॅथ, फिजिक्सचा तिसरा भाग कोरे राहिले. पुढच्या वसंत सत्रात धरलेले विषय जमेला धरूनही कोरेच. वडिलांनी तो कागद स्वतःकडे ओढला आणि बराच वेळ बघत राहिले.

त्यांचा गैरसमज कुठून आला, ते मला तेव्हा कळलं. त्यांचा धाकटा भाऊ महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेला होता. तिथे अभ्यासक्रम आखून दिलेला असतो, शाखा ठरलेली असते, विद्यार्थ्याने टक्के आणायचे आणि कॅप राउंडला पर्याय भरायचे. इथे अभ्यासक्रम विद्यार्थ्यालाच जोडावा लागतो, आणि तोही ज्या विद्यापीठाला जायचं त्याच्याकडे बघून. 'चांगले मार्क आणि पुरेशी युनिट्स' हे त्यांचं गणित त्यांच्या अनुभवात शंभर टक्के खरं होतं.

समोर असलेले पर्याय

नोव्हेंबरअखेर यूसीच्या अर्जाची मुदत, म्हणजे हातात पाच-सहा आठवडे. आम्ही चार पर्याय लिहिले.

पहिला: आहे त्या तयारीवर कम्प्युटर सायन्ससाठीच अर्ज करायचा. वडिलांचा कल इकडे होता. राहिलेले विषय उन्हाळ्यात करू म्हणाले. पण ट्रान्सफरची पूर्वतयारी आधीच्या वसंत सत्राअखेर पूर्ण हवी असते, आणि उन्हाळ्यावर ढकललेले विषय बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.

दुसरा: कमी गर्दीच्या जवळच्या विषयात अर्ज करायचा आणि नंतर बदलायचा. २०२१ मध्ये ज्या कारणाने त्यांनी यूसीचा एक प्रवेश सोडला होता, तोच सापळा वेगळ्या दाराने. हा लगेच खोडला.

तिसरा: सीएसयू. कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदविका) केली तर सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की मिळते, आणि पुढे साठ युनिट्समध्ये पदवी होते. पण हवा तोच कॅम्पस मिळेल अशी हमी नसते, आणि त्या डिग्रीलाही डिस्क्रीट मॅथ, फिजिक्स लागणारच होतं.

चौथा: कम्युनिटी कॉलेजात तिसरं वर्ष. सगळी पूर्वतयारी पूर्ण करायची आणि २०२३ मध्ये अर्ज.

चौथ्यावर घरात दोन आठवडे वाद झाला. वडील म्हणाले, "दोन वर्षांच्या कॉलेजला तीन वर्षं, म्हणजे नापासच की." निनाद गप्प होता. आईने एकच प्रश्न विचारला, आणि मला वाटतं त्या प्रश्नानेच निर्णय झाला: "तिसऱ्या वर्षाचे पैसे किती?" तेराशे-चौदाशे डॉलर. तेच विषय यूसीत जाऊन करायचे झाले तर त्याच्या दसपट. शिवाय तीस युनिट्स झालेल्या विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजातूनच मिळणारी एक सोय त्याला पुढच्या वर्षी वापरता आली असती, ती म्हणजे टॅग, प्रवेशाची लेखी हमी.

एक भीती रास्त होती. यूसी खालच्या स्तराची, म्हणजे पहिल्या दोन वर्षांच्या पातळीची, जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्स धरते. तिसऱ्या वर्षाअखेर निनादची ऐंशीच्या वर जाणार होती. त्यामुळे अर्ज बाद होईल का? नाही. जो कम्युनिटी कॉलेजाबाहेर कुठे शिकलेला नाही, अशा विद्यार्थ्याला या मर्यादेमुळे प्रवेश नाकारत नाहीत. वरची युनिट्स पदवीच्या बेरजेत येत नाहीत, पण विषय झाला म्हणून धरला जातो. हा मुद्दा मी त्यांना काउन्सेलरकडून लेखी विचारून घ्यायला लावला.

काय केलं

चौथा पर्याय ठरला. एका कागदावर पुढची तीन सत्रं मांडली. वसंत २०२३: कॅलक्युलस-३, फिजिक्सचा दुसरा भाग, डेटा स्ट्रक्चर्स. शरद: लिनिअर अल्जेब्रा, डिस्क्रीट मॅथ, फिजिक्सचा तिसरा भाग. शेवटच्या वसंतात डिफरन्शियल इक्वेशन्स, असेम्ब्ली आणि उरलेलं जनरल एज्युकेशन. हा कागद फ्रिजवर लागला. नोंदणीच्या तारखा आईने स्वतःच्या फोनवर अलार्म लावून ठेवल्या, कारण वर्ग भरले की काय होतं ते एकदा भोगून झालं होतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये टॅगचा अर्ज. १ ते ३० सप्टेंबर एवढीच मुदत असते आणि एकाच कॅम्पसला करता येतो. यूसीच्या नऊ पदवी कॅम्पसपैकी सहाच ही हमी देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांताक्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो देत नाहीत. सहांतही काही गर्दीचे विषय हमीतून वगळलेले असतात आणि तो तक्ता दरवर्षी बदलतो. निनादने नावाकडे न बघता ज्या ठिकाणी त्याच्या विषयाला हमी लागू होती आणि ग्रेड बसत होते तो कॅम्पस निवडला. टॅग भरला म्हणजे काम झालं असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यूसीचा नेहमीचा अर्ज त्याच विषयासाठी पुन्हा भरावाच लागतो. तो भरताना बर्कली आणि लॉस एंजेलिसही टाकले, सीएसयूमध्ये सॅन होजे स्टेटही.

यूसीच्या अर्जात चार छोटी उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. ट्रान्सफरवाल्यांना त्यातलं एक सक्तीचं असतं: निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली. निनादने आधी जे लिहिलं ते कुणीही लिहावं असं होतं, लहानपणापासून कम्प्युटरची आवड वगैरे. मी विचारलं, कॅलक्युलस-२ दुसऱ्यांदा करताना तू वर्गात काय करायचास? तो म्हणाला, मागच्या बाकावरच्या दोघांना श्रेणी समजावायचो. पुढे त्याच कामासाठी कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरने त्याला ठेवलं होतं, हे त्याने मला तोवर सांगितलंच नव्हतं. तेच उत्तर झालं.

जानेवारीत चालू ग्रेड आणि पुढचे विषय कळवायची नोंद भरावी लागते, ती भरली.

निकाल

नोव्हेंबर २०२३ मध्ये टॅग मंजूर झाला. एप्रिल २०२४ मध्ये हमीच्या कॅम्पसने आणि सॅन होजे स्टेटने प्रवेश दिला, बर्कली आणि लॉस एंजेलिसकडून नकार आला. निनादने यूसी निवडलं.

शेवटचा घोळ जूनच्या अखेरीस झाला. अंतिम गुणपत्रिका १ जुलैपर्यंत पोचाव्या लागतात. निनादने दुसऱ्या कॉलेजची पाठवली आणि निश्चिंत झाला. पहिल्या कॉलेजची राहिली, कारण "तिथे तर एकच वर्ष होतो". शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका लागते, आणि एपीचे गुण ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून थेट, वेगळे जावे लागतात. २८ जूनला रात्री साडेअकराला आईचा मला फोन आला. पोर्टलवर त्या कॉलेजापुढे 'मिळाली नाही' असं दिसत होतं. इलेक्ट्रॉनिक मागणी केली, दोन दिवसांत पोचली. प्रवेश रद्द होऊ शकतो अशा ओळीखाली तीन माणसं त्या रात्री झोपली नाहीत.

यूसीतल्या पहिल्या तिमाहीत निनादचा जीपीए (ग्रेडची सरासरी, चारपैकी) २.७ वर आला. दहा आठवड्यांची तिमाही, चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा, वर्गात तीनशे मुलं. ट्रान्सफर झालेल्या अनेकांना हा धक्का बसतो, आणि आम्ही कुणीच त्याला आधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या तिमाहीत त्याने चारऐवजी तीन विषय घेतले, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जायला लागला, आणि गाडी रुळावर आली. त्यामुळे पदवीला एक जादा तिमाही लागेल.

पुन्हा करायचं झालं तर

मला विचाराल तर सगळ्यात महाग पडलेला निर्णय कॉलेज बदलण्याचा. आणि तो टाळण्यासाठी कॉलेज न बदलायचीही गरज नव्हती. २०२२ च्या उन्हाळ्यात पहिल्याच कॉलेजातून कॅलक्युलसचा तिसरा भाग ऑनलाइन घेऊन मालिका पूर्ण केली असती आणि मग शरदात घराजवळ आला असता, तर थेट कॅलक्युलस-३ मध्ये बसला असता. तिमाहीतून सेमिस्टरकडे जायचंच असेल तर मालिकेच्या सांध्यावर जावं, मधल्या पायरीवरून नाही. फिजिक्सचंही तसंच असतं, ते त्याने सुरूच केलं नव्हतं म्हणून वाचला.

एपीचा ४ वापरायला हवा होता. आणि वेटलिस्टवर सातवा असताना गणित सोडून द्यायला नको होतं. पहिल्या आठवड्यात मुलं भराभर गळतात. माझ्या वर्गात तरी सातवा नंबर बहुतेक वेळा आत येतो. रोज वर्गात जाऊन बसायचं एवढंच.

मी स्वतः काय वेगळं केलं असतं, तेही सांगायला हवं. २०२२ मध्ये आम्ही तिसरा पर्याय फार लवकर बाजूला ठेवला. यूसीचा अर्ज नाही केला ते ठीक, पण सॅन होजे स्टेटला एक अर्ज टाकायला सत्तर डॉलर लागले असते. कदाचित नकारच आला असता, पण घरातल्या त्या दोन आठवड्यांच्या तणावात एक दार उघडं आहे एवढी जाणीव निनादला मिळाली असती. त्या दिवसांत तो जेवताना मान वर करत नसे, हे मला त्याच्या आईने खूप नंतर सांगितलं.

फ्रिजवरचा कागद त्यांनी जपून ठेवला आहे. गेल्या गणपतीत आरतीनंतर निनादच्या आईने तो पिशवीतून काढला आणि नुकत्याच कम्युनिटी कॉलेजला लागलेल्या एका मुलीपुढे ठेवला. तिची आई घाईने म्हणाली, "अहो, एवढं काही नाही, एकच वर्ष आहे ती तिथे." निनादच्या आईने तिला शेजारी बसवून घेतलं आणि मुलीला विचारलं, "कॅलक्युलस कुठल्या भागापर्यंत झालं गं तुझं?"